निराधारच्या पैशावर बँकेने होल्ड लावला, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

थकलेल्या कर्जापोटी बँक दिव्यांग माणसाचा निराधारचा पगार, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान, होल्ड लावून (पैसे खात्यात ठेवून, पण काढू न देता) अडवू शकते का? मराठवाड्यात हा प्रश्न खरीप-रब्बीसारखा दरवर्षी येतो, आणि बहुतेक जण त्याचं उत्तर शोधायच्या आधीच दोन-तीन चुका करून बसतात. कुणी चिडून खातं बंद करतं, कुणी साहेब म्हणाले म्हणून कागदावर अंगठा देतं, कुणी चार महिने तहसीलला खेटे घालतं आणि अडचण बँकेत होती हे पाचव्या महिन्यात कळतं.

आधी उत्तर. कर्जदाराच्या खात्यातली रक्कम स्वतःच्या येण्यापोटी वळती करून घ्यायचा हक्क बँका सांगतात, आणि सर्वसाधारण खात्यापुरता तो त्यांना आहे. उलट बाजूला पेन्शन अधिनियम १८७१ चं कलम ११ आहे. शरीराच्या दुर्बलतेमुळे किंवा अनुकंपा म्हणून सरकार जे पेन्शन देतं, ते कर्ज देणाऱ्याच्या मागणीवरून कोर्टालासुद्धा जप्त करता येत नाही, असं हे कलम सांगतं. निराधारचं अनुदान यात बसतं हा तुमचा मुख्य मुद्दा. बँकेचं म्हणणं असं असतं, की हे कलम कोर्टाच्या जप्तीपुरतं आहे, आम्ही जप्ती केलीच नाही, फक्त होल्ड लावलाय. त्यावर तुमचं उत्तर: जे कोर्टाला करता येत नाही, ते शाखा व्यवस्थापकाला एका बटणाने कसं करता येईल? हा वाद कागदावर नीट मांडला, तर बहुतेक वेळा शाखेच्या किंवा विभागीय कार्यालयाच्या पातळीवरच मिटतो. तोंडी मांडला तर मिटत नाही.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये मिळतात, आधी १५०० होते. रक्कम वाढली तसे होल्डमध्ये अडकणारे पैसेही वाढले. म्हणून क्रम नीट पाळा.

## टप्पा १: पैसे अडलेत, की आलेच नाहीत?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या.

गावातल्या मिनी बँकेत अंगठा ठेवला, मशीनने 'रक्कम अपुरी' दाखवलं आणि केंद्रवाला म्हणाला, "खातं लॉक झालंय." या वाक्याला काही अर्थ नाही. त्या मशीनवर तुम्हाला काढता येईल तेवढीच रक्कम दिसते. पैसे जमा झालेत का, कशासाठी अडलेत, हे त्याला माहीत नसतं. पासबुक घेऊन मूळ शाखेत जा आणि नोंदी छापून घ्या.

पासबुक असं वाचा. समजा शेवटच्या तीन महिन्यांत २५०० च्या तीन जमा नोंदी आहेत, शिल्लक ७,६४० दिसते, पण काढायला गेलं की 'उपलब्ध शून्य'. म्हणजे पैसे आलेत आणि होल्ड लागलाय. जमा नोंदच नाही, तर बँकेशी भांडून उपयोग नाही, अडचण अनुदानाच्या बाजूला किंवा आधारच्या जोडणीत आहे. आणि २५०० जमा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी २५०० नावे (वजा), शेजारी कर्जखात्याचा नंबर किंवा एखाद्या फायनान्स कंपनीचं नाव, असं दिसलं तर पैसे अडलेले नाहीत, वळते झालेत. तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

पैसे अडलेत हे नक्की झालं, की काउंटरवर एकच प्रश्न विचारा: "होल्ड कशाचा आहे?" उत्तर यांपैकी एक असेल.

कर्जाचा होल्ड. पीककर्ज, म्हशीचं कर्ज, मुद्रा, घरकुलाला जोडून घेतलेलं कर्ज, काहीही. कर्ज थकीत गेलं की शाखा त्या ग्राहकाच्या बचत खात्यावर होल्ड टाकते. हा लेख मुख्यतः याच्याबद्दल आहे.

केवायसीचा (ओळख-पत्त्याच्या पडताळणीचा) होल्ड. जनधन खाती ऑगस्ट २०१४ पासून निघाली. साध्या, कमी जोखमीच्या खात्याची केवायसी १० वर्षांनी पुन्हा करावी लागते, त्यामुळे त्या वेळची ढीगभर खाती आता अडतात. आधार आणि फोटो द्या, काम संपलं. यात कर्जाचा विषयच काढू नका.

व्यवहार नसल्यामुळे. दोन वर्षं खातेदाराचा व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. शासकीय योजनेच्या पैशासाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना रिझर्व्ह बँकेने यातून सूट दिली आहे, आणि खातं पुन्हा चालू करायला पैसे घेता येत नाहीत.

सायबरचा होल्ड. कुणी फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवरच्या तक्रारीवरून होल्ड येतो. शाखेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव घ्या. इथे निराधारचा कायदा सांगत बसू नका, तपास अधिकाऱ्याला पासबुक दाखवा.

कोर्टाचा किंवा वसुली अधिकाऱ्याचा आदेश. याची प्रत शाखेत असलीच पाहिजे. याच्यासाठी टप्पा ६.

सावध: "वरून आलंय," हे उत्तर घेऊन बाहेर पडू नका. वरून म्हणजे कुठून, कोणत्या तारखेला, हे विचारा. संगणकात होल्ड टाकताना कारण आणि रक्कम भरलेली असते. ती पडद्यावर वाचून दाखवायला सांगा.

पैसे आलेच नसतील तर दोन गोष्टी. हयातीचा दाखला दिला का, हे तहसीलच्या संजय गांधी शाखेत बघा. आणि आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासा. डीबीटीचे, म्हणजे शासनाकडून थेट खात्यात येणारे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार शेवटी ज्या बँकेशी डीबीटीसाठी जोडलं त्या बँकेत जातात. मोबाईलवर *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला की बँकेचं नाव कळतं. बाजारात टेबल टाकून बसलेल्या कुणाकडे 'फुकट खातं' काढलं असेल, तर पैसे बहुधा तिकडे जमा होत असतील.

## टप्पा २: कर्ज नेमकं कुणाचं, कुठलं

कर्जाचा होल्ड आहे हे कळल्यावर अर्ज लिहायची घाई करू नका. आधी कर्जखात्याचा नंबर, कर्जदाराचं नाव आणि मंजुरीचं साल विचारून घ्या. अर्जातला जोर याच्यावर ठरतो.

"माझं कर्ज या बँकेत नाहीच," असं अनेक जण शपथेवर सांगतात आणि त्यांना तसं खरंच वाटत असतं. पण स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या 'हैदराबाद बँक' हीच मोठी बँक होती, आणि २०१४-१५ च्या दुष्काळाच्या आगेमागे तिच्यातून उचललेली कर्जं आज स्टेट बँकेच्या पुस्तकात आहेत. मराठवाडा ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, मे २०२५ मध्ये त्यात विदर्भ कोकण ग्रामीण बँकही आली. देना बँक बँक ऑफ बडोदात, आंध्रा बँक युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरा बँकेत. जुनं कर्ज आणि नवं निराधारचं खातं असं नकळत एकाच छपराखाली येतं.

मग बघा, कर्जाशी तुमचं नातं काय.

कर्ज तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर बँकेची बाजू त्यातल्या त्यात भक्कम. तुमच्या बाजूचा मुद्दा म्हणजे पैशाचं स्वरूप: हे शासनाचं अनुदान आहे. खात्यात दुसरे पैसे नसतील तर हे दाखवणं सोपं जातं. सोयाबीनची पट्टी, मजुरी, भावाने पाठवलेले पैसे असं सगळं मिसळलं असेल तर अवघड. गोळा झालेल्या पैशातून अनुदान कोणतं हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते.

कर्ज वडिलांच्या, नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर आणि खातं तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, आणि तुम्ही जामीनदार नसाल, तर होल्डला काही पाया नाही. एकाच्या येण्यापोटी दुसऱ्याचं खातं अडवता येत नाही. वडील वारले असतील तरी वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. जमीन आली तर जमिनीपुरती. तुमच्या अपंगत्वाचं अनुदान हा काही वडिलांचा वारसा नव्हे. मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या खात्यावर बापाच्या पीककर्जाचा होल्ड लागलाय अशी प्रकरणं येतात, आणि ती जवळपास नेहमी एका अर्जात सुटायला हवीत.

जामीनदार असाल तर मात्र तुमची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "मी नुसती सही केली होती," हे तिथे चालत नाही. तेव्हा पुन्हा अनुदानाच्या स्वरूपावरच यावं लागतं.

जोडखातं असेल तर निराधारचं खातं एकट्याच्या नावावर करून घेण्याची ही शेवटची सूचना समजा.

पतसंस्था, मायक्रोफायनान्स, गाडी किंवा मोबाईल फायनान्स करणारी कंपनी, यांना दुसऱ्या बँकेतल्या तुमच्या खात्यावर आपणहून होल्ड लावता येत नाही. त्यांचा रस्ता वेगळा आहे: कर्ज घेताना तुम्ही आपोआप कपातीच्या मॅन्डेटवर सही केलेली असते. मग अनुदान जमा झालं की हप्ता ओढला जातो. यासाठी आपल्या बँकेत मॅन्डेट रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या आणि कंपनीलाही कळवा. त्याने कर्ज मिटत नाही, आणि हप्ता परत गेला की दंड बसतो, शिवाय पुरेशी शिल्लक नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत जाणं हा कायद्याने गुन्हाही होऊ शकतो. म्हणून पुढचा हप्ता ओढला जायच्या आत रद्द करा, नंतर नाही.

तपासा: कर्जखात्याचा नंबर, कर्जदाराचं नाव, साल, थकबाकी. हे चार तपशील वहीत नसतील तर टप्पा ३ ला जाऊ नका.

## टप्पा ३: कागदांची फाईल

थोडक्यात: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निराधार योजनेचा मंजुरी आदेश किंवा तहसीलच्या मंजूर यादीतल्या नावाची प्रत, आधार, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि किमान एका वर्षाच्या नोंदी. मंजुरी आदेश हरवला असेल तर संजय गांधी शाखेतून "सदर व्यक्ती लाभार्थी असून अनुदान अमुक खात्यात जमा होते" एवढा दाखला मागा. एका ओळीचा तो कागद बँकेत फार चालतो, कारण त्यावर तहसीलचा शिक्का असतो.

पासबुकाच्या प्रतीवर अनुदानाच्या प्रत्येक जमा नोंदीला पेनने टिक करा आणि शेवटी बेरीज लिहा. अर्ज वाचणाऱ्याने हिशोब करावा अशी अपेक्षा ठेवू नका.

## टप्पा ४: शाखेला अर्ज

तोंडी विनंती केली तर त्याची नोंद राहत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायचं तर "मी बँकेला अमुक तारखेला लेखी कळवलं" हे दाखवावं लागतं. तेव्हा शाखा व्यवस्थापक कितीही भला असो, अर्ज द्या. मजकूर असा ठेवा:

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक, ………… बँक, शाखा …………
>
> विषय: बचत खाते क्र. ………… वरील होल्ड काढणे व त्याचे लेखी कारण मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी …… टक्के दिव्यांग असून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभार्थी आहे. वरील खात्यात शासनाचे मासिक अनुदान डीबीटीद्वारे जमा होते. दि. ………… रोजी पैसे काढण्यास आलो असता खात्यावर होल्ड असल्याचे सांगण्यात आले. त्यामुळे दि. ………… पासून जमा झालेले अनुदान रु. ………… मला मिळालेले नाही.
>
> १. होल्ड कोणत्या तारखेस, किती रकमेसाठी व कोणाच्या आदेशाने लावला, हे लेखी कळवावे.
> २. कर्जापोटी असल्यास कर्जखाते क्रमांक, करारातील संबंधित कलम व मला दिलेल्या नोटिशीची प्रत द्यावी.
> ३. न्यायालय वा अन्य प्राधिकाऱ्याचा आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी.
> ४. ही रक्कम दिव्यांगत्वामुळे शासनाने दिलेले अनुदान असून पेन्शन अधिनियम १८७१, कलम ११ चे संरक्षण तिला आहे. तसेच स्वतःचे आर्थिक व्यवहार इतरांच्या बरोबरीने सांभाळण्याचा माझा हक्क दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १३ ने मान्य केला आहे. सबब अनुदानाच्या रकमेवरील होल्ड तात्काळ काढावा व वळती केलेली रक्कम परत जमा करावी.
>
> या अर्जातील कोणताही मजकूर कर्जाची कबुली समजू नये.
>
> सोबत: प्रमाणपत्र, मंजुरी आदेश, पासबुकाच्या प्रती.

'कर्जाची कबुली समजू नये' ही ओळ गाळू नका. कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मुदत संपण्याआधी तुम्ही कर्ज लेखी मान्य केलं, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. "साहेब, माझं कर्ज आहे हे मला मान्य आहे, सोयाबीन विकलं की भरतो, पण निराधारचे पैसे सोडा," अशा गयावया करणाऱ्या अर्जांनी मेलेलं कर्ज पुन्हा उठून बसतं. मात्र तीन वर्षं झाली म्हणजे कर्ज पुसलं गेलं, असंही धरू नका. दावा करता येत नाही, देणं कागदावर राहतं, आणि बँक त्याच्याच जोरावर होल्ड चालू ठेवते.

अर्जात काय नको तेही सांगतो. कर्जमाफीत नाव का आलं नाही, ही तक्रार नको. अतिवृष्टीच्या मदतीतून वसुली करू नये असं मदतीच्या शासन निर्णयात असतं, तो कागद निराधारच्या अर्जाला जोडू नका. तो त्या मदतीपुरता आहे आणि बँकेला "हा लागू नाही" म्हणायला आयतं निमित्त मिळतं. लाडकी बहीणच्या वेळी ऑगस्ट २०२४ मध्ये कर्जापोटी पैसे कापू नका अशा सूचना राज्याने बँकांना दिल्या होत्या. त्याचा उल्लेख तोंडी जरूर करा, अर्जाचा पाया त्यावर ठेवू नका.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शाखा पोच देत नसेल तर वाद घालू नका, सरळ पोस्टात जा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या.

सावध: अर्ज दिल्यावर शाखेतून फोन येतो, "या, होल्ड काढतो, फक्त एका कागदावर सही करा." तो कागद बहुधा नवं-जुनं करण्याचा (जुनं कर्ज फिरवून नवं दाखवण्याचा), कर्जमान्यतेचा किंवा 'माझ्या बचत खात्यातून वसुली करण्यास हरकत नाही' असा असतो. वाचता येत नसेल तर अंगठा देऊ नका. फोटो काढून घरी आणा, वाचून घ्या, मग ठरवा. होल्ड काढायला तुमची सही लागत नाही. लावताना तरी कुठे लागली होती?

## टप्पा ५: शाखेने ऐकलं नाही तर

क्रम महत्त्वाचा, कारण लोक पहिल्याच दिवशी मंत्रालयापर्यंत पत्रं टाकतात आणि सगळी पत्रं फिरून त्याच शाखेत येतात.

पहिली प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला, म्हणजे लीड बँकेला. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांशी समन्वय हे त्यांचं काम आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत त्यांनाच उत्तर द्यावं लागतं. मला विचाराल तर होल्ड उठवण्याचं सगळ्यात वेगवान दार हेच. दुसरी प्रत तहसीलदारांना, "शासनाचे अनुदान लाभार्थ्यास मिळत नाही" एवढ्याच मुद्द्यावर. जिल्हा मध्यवर्ती बँकेचं प्रकरण असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांनाही एक प्रत द्या.

पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर जिल्ह्याचा लोकशाही दिन धरा, महिन्याचा पहिला सोमवार. सरकारी बँक असेल तर माहितीच्या अधिकारात स्वतःच्या खात्यावरच्या होल्डची नोंद, आदेश आणि नोटिशीची प्रत मागता येते. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ.

शाखेला अर्ज देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार त्यांच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर टाकता येते, चंदीगडच्या केंद्रीय केंद्राला पोस्टानेही चालते, माहितीसाठी १४४४८. पैसे लागत नाहीत. घरचा माणूस किंवा कार्यकर्ता तुमच्या वतीने तक्रार करू शकतो, वकिलामार्फत मात्र करता येत नाही. ३० दिवसांच्या आत टाकलेली तक्रार परत येते, आणि तेच प्रकरण कोर्टात चालू असेल तरीही लोकपाल हात लावत नाही. उत्तर आल्यावर महिनोन्‌महिने बसूनही राहू नका, तिथेही मुदत आहे.

याबरोबरच पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. होल्ड काढायचा अधिकार बँकेचाच असला, तरी तिथून गेलेल्या पत्राला बँका उत्तर देतात.

## टप्पा ६: कोर्टाची जप्ती असेल तर

इथे अर्ज बँकेला नाही, ज्या कोर्टातून आदेश आला तिथे द्यायचा. कोर्टाच्या जप्तीतून सुटलेली मालमत्ता कोणती, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे, आणि त्याच्या जोडीला पेन्शन कायद्याचं कलम ११. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या निकालात, पेन्शन-ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत टाकले तरी त्यांचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. खात्यात आले म्हणजे अनुदान राहिलं नाही, या युक्तिवादाला तो निकाल कामाला येतो. तुमची बाजू मांडणाऱ्या वकिलाला त्याचं नाव सांगा.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य आहे. तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती किंवा १५१०० वर फोन. "तुमचं उत्पन्न दाखवा," असं कुणी म्हणालं तर दिव्यांग प्रमाणपत्र पुढे करा.

तारीख चुकवू नका. नोटीस आली आणि गेलात नाही, तर बाकी काही कामाचं राहत नाही.

## टप्पा ७: पुढचा पगार वाचवा

वरचं सगळं चालू असताना दर महिन्याला २५०० रुपये त्याच खात्यात पडत राहतात. म्हणून टप्पा ४ च्या अर्जाबरोबरच हे सुरू करा.

ज्या बँकेत तुमचं, तुम्ही जामीनदार असलेलं किंवा विलीन झालेल्या जुन्या बँकेतलं एकही कर्ज नाही, अशा बँकेत किंवा पोस्टात एकट्याच्या नावाने शून्य शिलकीचं खातं काढा. आधार जोडण्याचा अर्ज भरताना 'डीबीटीसाठी जोडा' या पर्यायावर खूण आहे ना, हे डोळ्यांनी बघा. नुसता आधार क्रमांक खात्याला लावणं आणि डीबीटीसाठी जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि निम्मी प्रकरणं इथेच अडकतात. आठवड्याभराने *९९*९९*१# वर नवीन बँकेचं नाव येतंय का बघा. आलं की नव्या पासबुकाची प्रत तहसीलला द्या.

आधार वळवलं की पीएम किसानसह आधारवर येणारे सगळे पैसे नव्या खात्यात जातात, हे घरात आधी सांगून ठेवा.

नव्या खात्यात फक्त अनुदान येऊ द्या. त्यावर मॅन्डेट नको, बचत गटाचा हप्ता नको, सोयाबीनची पट्टी नको. पैसे आले की गरजेपुरते काढा, बाकी राहू द्या, पण खातं निखळ ठेवा.

सावध: जुनं खातं बंद करू नका. तिथे अडकलेले पैसे आणि त्यावरचा वाद अजून जिवंत आहे. बंद करायला गेलात तर शाखा शिल्लक कर्जात जमा करून खातं बंद करते आणि मग परत मागायला काही उरत नाही.

## टप्पा ८: मूळ कर्जाचं काय

अनुदान सुटलं म्हणजे कर्ज सुटलं नाही. एकरकमी तडजोड मिळत असेल तर अटी लेखी घ्या, आणि पैसे भरल्यावर बेबाकी प्रमाणपत्र (काही देणं उरलं नाही असा दाखला) हातात पडेपर्यंत शाखेच्या मागे राहा. लोकअदालतीची नोटीस आली तर जा, व्याजात बरीच सूट मिळते. पण तिथे मान्य केलेल्या हप्त्याचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. "महिना हजार भरतो," असं म्हणताना ते हजार निराधारच्या २५०० मधून येणार असतील, तर तुम्ही स्वतःच्या सहीने तेच संरक्षण सोडून देताय.

होल्ड उठल्याचा फोन आला की त्याच दिवशी पासबुक छापून घ्या. दोन गोष्टी बघायच्या: वळते केलेले पैसे परत जमा झालेत का, आणि उपलब्ध रक्कम शिलकीएवढी आहे का. पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. कर्जखातं थकीत दिसत राहिलं की काही बँकांची यंत्रणा तिमाहीअखेर आपोआप पुन्हा होल्ड टाकते. तसं झालं तर नवा अर्ज लिहायची गरज नाही. जुन्या अर्जाची पोच, होल्ड काढल्याची तारीख आणि नव्या होल्डची तारीख, एवढं जोडून त्याच दिवशी लीड बँकेला पाठवा.